पाच खेळांच्या मॅडम

(पत्र थोडं आटोपतं घेतलं आहे आणि ओळख पटेल असं सगळं काढलं आहे.)

"मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. पद कायम आहे, अकरा वर्षं झाली. मी स्वतः व्हॉलीबॉलची खेळाडू, विद्यापीठाकडून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा दोनदा खेळले. इथे मात्र खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा आणि क्रॉसकंट्री असं सगळं माझ्याकडेच. प्राचार्यांना नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या फायलीत प्रत्येक खेळात सहभाग हवा असतो, म्हणून बुद्धिबळापासून तिरंदाजीपर्यंत एन्ट्र्या भरते त्या वेगळ्या. मदतीला कोणी नाही. यंदा माझी खो-खोची मुलगी विद्यापीठ संघात आली. अकरावीला आली तेव्हा तिला खांबाला धड वळता येत नव्हतं, ते मी शिकवलं. शहरातल्या क्लबने तिला नेलं आणि पेपरात फोटो आला तो क्लबच्या सरांसोबत. कॉलेजचं नाव नाही, माझं तर नाहीच. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, 'मॅडम सगळ्या खेळांच्या आहेत, पण कुठल्याच खेळाच्या नाहीत.' तिथे हसून सोडलं, घरी येऊन रडले. आता वाटतं, बाकी सगळं टाकून व्हॉलीबॉल धरावा. शहरातली एक अकादमी कोच म्हणून बोलावतेय, पगार निम्म्याहून कमी. माझी मुलगी सहावीत आहे, तिला संध्याकाळी मी दिसत नाही. अकरा वर्षं फुकट गेली का? मी काय करू?"

मॅडम, नमस्कार.

नोकरी सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. कायम पद सोडून निम्म्या पगारावर शहरात जायचं, तेही एका वाक्याने आणि एका फोटोने दुखावल्यामुळे, हा निर्णय दोन वर्षांनी तुम्हालाच टोचेल. अकादमीत येतात त्या पालकांनी फी भरून पाठवलेल्या, आधीच खेळात असलेल्या मुली. तुमच्याकडे येतात त्यांनी बारावीपर्यंत पायात बूट घातलेला नसतो. त्यांना शहरात गेलेल्या तुम्ही भेटणार नाही.

आता त्या सहकाऱ्यांच्या वाक्याकडे येते, कारण खरी ठेच तिथे लागली आहे. मी एकतीस वर्षं हेच काम केलं. असलं बोलणं मीही ऐकलं आणि बरीच वर्षं ते खरं मानलं. मी मूळची कबड्डीची. बाकीचे खेळ शिकवताना आपण चोरून दुसऱ्याच्या शेतात राबतोय असं वाटायचं. ते मत कधी बदललं तेवढं सांगते.

जुलै महिना होता. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप झाली होती, मैदानाची काळी माती लोण्यासारखी मऊ. कबड्डीच्या मुली चढाईचा सराव करत होत्या. एक मुलगी होती, चढाईत गुण आणण्यात सुमार, पण सापडायची नाही. कोपऱ्यातलीने घोटा धरायला हात घातला की ही एका पायावर उसळून मागे वळायची, त्याच पायावर उतरायची आणि पुढच्या ढांगेत मध्यरेषेपलीकडे. आम्ही सगळ्या तिला नुसती 'निसटी' म्हणायचो. त्या दिवशी चिखलात तिच्या पावलांचे ठसे उमटले म्हणून मला दिसलं. उजवा, पुन्हा उजवा, मग डावा. मैदान आखायच्या दोरीने दोन ठशांमधलं अंतर मोजलं आणि मी तिथेच उकिडवी बसून राहिले. ती तिहेरी उडी होती. लंगडी, ढांग आणि शेवटी उडी. लंगडी आपल्या मुली चार वर्षांच्या असल्यापासून अंगणात घालतात, आणि तिहेरी उडीची सुरुवात लंगडीनेच होते.

त्या मुलीला मी वाळूच्या खड्ड्यावर नेलं. खड्डा कसला, बांधकामाची उरलेली वाळू होती. दोन वर्षांनी ती विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धेत चौथी आली. पदक नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचं असं काही सापडलं होतं. नुसत्या कबड्डीच्या कोचने तिला संघाबाहेर काढलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं. नुसत्या अॅथलेटिक्सच्या कोचपर्यंत ती पोचलीच नसती. ती सापडली, कारण दोन्ही खेळ बघणारी एकच बाई तिथे उभी होती.

मॅडम, तुमची विद्या हीच आहे. कुठलं शरीर कुठल्या खेळाचं, हे ओळखणं. खो-खोत बसल्या जागेवरून उठायला वेळ लावणारी उंच मुलगी नेटजवळ कशी दिसेल, क्रॉसकंट्रीत शेवटी येणारी मुलगी गोळा किती लांब टाकेल, हे तुमच्या डोळ्याला आपोआप दिसत असणार. अकरा वर्षांत तो डोळा तयार झाला आहे, आणि तो कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही.

तुमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे क्रॉसकंट्री धावू लागला. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला २०१७ मध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवलं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. पाय आणि जिद्द त्याचीच होती. पण 'तू इथला नाहीस, तिथला आहेस' हे कोणीतरी बघून सांगावं लागलं.

असं काम करणारे लोक जगात होऊन गेले आहेत, आणि त्यांना कोणी 'कुठल्याच खेळाचे नाहीत' म्हटलेलं नाही. अमेरिकेतल्या एमॉस अलोन्झो स्टॅग यांच्याबद्दल मी नोकरीच्या पंधराव्या वर्षी वाचलं आणि मला फार आधार वाटला. १८६२ चा जन्म. येल विद्यापीठात बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल दोन्ही खेळले. धर्मोपदेशक व्हायचं होतं, पण लोकांसमोर बोलणं जमेना, म्हणून शारीरिक शिक्षणाकडे वळले आणि स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण शाळेत गेले. तिथेच जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात बास्केटबॉल शोधून काढला. पुढच्या मार्चमध्ये लोकांसमोर पहिला सामना झाला तो शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. शिक्षक ५-१ असे हरले, आणि त्यांचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकाच्या दर्जाने घेतलं. तिथे एक्केचाळीस हंगाम ते फुटबॉलचे प्रशिक्षक होते, आणि त्या काळात बेसबॉलचा संघ सांभाळला, मैदानी खेळांचा सांभाळला, मध्ये एक हंगाम बास्केटबॉलचाही. सत्तराव्या वर्षी विद्यापीठाने वयाचा नियम दाखवून निवृत्त केलं, तर कॅलिफोर्नियातल्या एका लहान कॉलेजात जाऊन पुन्हा उभे राहिले, आणि १९४३ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, देशातले त्या वर्षीचे सर्वोत्तम फुटबॉल प्रशिक्षक ठरले. फुटबॉल आणि बास्केटबॉल, दोन्हींच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे मानाच्या दालनात त्यांचं नाव आहे.

हे सांगताना मला एक गोष्ट लपवायची नाही. स्टॅग यांचा काळ वेगळा होता. खेळ लहान होते, नियम दर वर्षी बदलायचे. आज एकट्या माणसाने पाच खेळांत राष्ट्रीय दर्जाचं प्रशिक्षण द्यायचं म्हटलं तर ते होणार नाही. शिकागोतल्या शेवटच्या वर्षांत खुद्द स्टॅग यांचे संघही सारखे हरत होते. म्हणून तुमची तक्रार निम्मी खरी आहे. पाचही खेळ सारख्या ताकदीने ओढत राहिलात तर तुम्ही मोडाल, आणि तुमच्या आधी मुली मोडतील.

मुली मोडतात, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. माझ्याकडे एक पळणारी मुलगी होती, काटक आणि कधीच नाही न म्हणणारी. एका पावसाळ्यानंतर दोन महिन्यांत मी तिला खो-खोत खेळवलं, कबड्डीत खेळवलं आणि लगेच क्रॉसकंट्रीत पळवलं. तिन्हीकडे मुली कमी पडत होत्या आणि मला प्रत्येक संघ पूर्ण हवा होता. कबड्डीच्या दुसऱ्या सामन्याआधी ती म्हणाली, "मॅडम, गुडघा भरल्यासारखा वाटतोय." मी स्प्रे मारला आणि मैदानात पाठवली. त्या सामन्यात तो गुडघा गेला तो गेलाच. पुढे तिच्या लग्नात मी जेवायला बसले तेव्हा ती पायरी एक पाय पुढे टाकून, कठडा धरून उतरत होती. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हा एका मुलीला एका हंगामात दोनच खेळ, आणि दोन स्पर्धांच्या मधे पुरेसे दिवस, हा नियम आजच वहीत लिहा. प्राचार्य म्हणोत, विद्यापीठ म्हणो, एन्ट्री रिकामी गेली तर जाऊ द्या.

तुम्ही विचारलंत, फक्त व्हॉलीबॉल धरू का? धरा, पण बाकीचे न सोडता. पाचांमधला एक खेळ आपला खोल खेळ करायचा. तुमच्या बाबतीत तो व्हॉलीबॉलच. त्यात नवीन शिकत राहा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे आपल्या एनआयएसचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स उन्हाळ्यात असतो. एका सुट्टीत तो करून या. मुलगी आजीकडे राहील. सहा आठवडे ती तुम्हाला माफ करेल, रोजची संध्याकाळ करणार नाही, त्याकडे मी येतेच. दुसरा खेळ, मला वाटतं खो-खो, कारण तुमच्या भागात मुली त्यात आधीपासून आहेत. पलीकडच्या धाराशिवच्या सारिका काळेला त्यातच २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय मुलींनी जिंकला तेव्हा कर्णधार होती आपली प्रियांका इंगळे. तुमच्या मुलींना ही नावं माहीत असतात. उरलेल्या खेळांत तुमचं काम मुलगी ओळखणं, पाया घालणं, आणि तुमच्यापेक्षा जास्त येतं अशा माणसाकडे तिला स्वतः नेऊन सोडणं. 'मला यातलं एवढंच येतं' हे मुलीसमोर म्हणता आलं पाहिजे. तसं म्हणणाऱ्या शिक्षकावर मुली जास्त विश्वास ठेवतात, हे मी अनेकदा पाहिलं.

आणि पाया तर पाचही खेळांचा बराचसा एकच आहे. जुलै-ऑगस्टात मैदान चिखलाचं असतं तेव्हा वेगवेगळे सराव लावूच नका. सगळ्या मुली एकत्र, कॉरिडॉरमध्ये. उठाबशा, एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणं, पोटाची ताकद. उतरताना गुडघे आत वळतात का, ते समोर उभं राहून बघा. व्हॉलीबॉलचा ब्लॉक करून उतरणारी, कबड्डीत उसळून सुटणारी आणि खांबाला गर्रकन वळणारी, तिघींचे गुडघे इथेच वाचतात. ज्या मुली दम लागून लवकर बसतात त्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, ग्रामीण रुग्णालयात होतं. मी कितीतरी मुलींना 'आळशी' म्हणून ओरडले आणि नंतर रिपोर्ट बघून मान खाली घातली.

बुटांकडेही बघा. जॉन वूडन हे अमेरिकेतले बास्केटबॉलचे फार मोठे प्रशिक्षक. त्यांच्या यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या संघाने बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. सुरकुती राहिली की फोड येतो, आणि फोड आला की सराव बुडतो. हेच वूडन सुरुवातीला शाळेत इंग्रजी शिकवत आणि बास्केटबॉल, बेसबॉल, टेनिसचे संघ सांभाळत. पुढे इंडियानातल्या एका शिक्षक महाविद्यालयात बास्केटबॉल, बेसबॉल आणि सगळा क्रीडा विभाग एकट्याकडे. यूसीएलएत ते १९४८ मध्ये आले, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९६४ मध्ये. अकरा वर्षं फुकट गेली का, असं तुम्ही विचारलंत म्हणून ही सालं सांगितली.

भरतीच्या मुलींबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण त्या तुमच्या मैदानावर असणारच, पहाटे साडेपाचला, ओढणी कमरेला बांधून. पोलीस भरतीत महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. दम, वेग आणि ताकद, तिन्हींचा सराव वेगळा. एका खेळाचा कोच त्यांना पुरत नाही, त्यांना तुम्हीच पुरता. माझ्या तिहेरी उडीवाल्या मुलीचं पुढे काय झालं ते राहिलंच. ती पोलिसात आहे. गोळा टाकताना पाय कसा फिरवायचा ते मी तिला वाळूच्या त्याच ढिगाशेजारी शिकवलं होतं. अशा मुलींची नावं पेपरात येत नाहीत. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तेव्हा प्रत्येक मुलीचं प्रमाणपत्र, निकालपत्रक, संघयादी वर्षाच्या वर्षाला फाइलला लावून ठेवा. पडताळणीच्या वेळी कागद नाही म्हणून रडणारी मुलगी बघायला नको.

प्राचार्यांशी बोलावंच लागेल. भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा. किती खेळ, किती मुली, किती तास, प्रवासाचे दिवस किती, असं एका पानावर मांडा. मग दोन गोष्टी मागा. एक, बुद्धिबळासारखे खेळ आवड असलेल्या दुसऱ्या एखाद्या प्राध्यापकाकडे द्यावेत. गणिताचे कोणीतरी सर बुद्धिबळ खेळतच असतील. दोन, माजी विद्यार्थिनींपैकी एकीला हंगामापुरतं मानधनावर घ्यावं. नाही म्हणाले तरी पान ठेवून या. मी ते पान तीन वर्षं ठेवून येत होते, चौथ्या वर्षी मानधन मंजूर झालं.

प्राचार्यांवरून कोल्हापूर आठवतं. राजाराम कॉलेजात खाशाबा जाधवांना क्रीडाशिक्षकांनी वार्षिक स्पर्धेत घ्यायला नकार दिला, मग ते थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले आणि परवानगी घेऊन आले, असं सांगतात. त्याच खर्डेकरांनी पुढे स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि १९५२ मध्ये खाशाबा हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. आपण खर्डेकरांची गोष्ट अभिमानाने सांगतो. मला मात्र ती ऐकताना दर वेळी तो क्रीडाशिक्षक आठवतो. अंगकाठी बघून नाही म्हणाला असेल. आपल्या हातूनही दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत कोणाला तरी 'तुला नाही जमणार' असं म्हटलं जातं. मी म्हटलं आहे. म्हणून जुलैत सगळ्यांना पंधरा दिवस मैदानावर येऊ द्या, कोणालाही आधीच बाद ठरवू नका.

आता तुमच्या लेकीची संध्याकाळ. यात मी तुम्हाला समजुतीचं काही सांगणार नाही. माझा मुलगा चौथीत होता तेव्हा त्याने 'माझी आई' या निबंधात लिहिलं होतं की आई रविवारी दिसते. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती. मी तेव्हा काही बदललं नाही, आणि ते चुकलं. सराव सकाळी घ्या, संध्याकाळी आठवड्यात तीनच दिवस, आणि त्यांतला एक दिवस लेकीला मैदानावर आणा. सहावीतली मुलगी स्कोअर लिहू शकते, तिला वही द्या. खेळायला लावू नका, तिला वाटलं तर ती उठेल.

राहिला तो फोटो. वाईट वाटलं ते बरोबरच आहे. मुलीचा काही दोष नाही, तिला फोटोत कोण उभं राहावं हे ठरवता येत नाही. क्लबच्या सरांना फोन करा. तक्रार करायची नाही. तिचा डावा घोटा आधी दुखलाय का, ती सामन्याआधी काही खात नाही का, असं जे तुम्हाला माहीत आहे आणि त्यांना नाही, ते सांगा. पुढच्या वेळी तिला तुमच्याकडे परत पाठवताना किंवा नवी मुलगी मागताना ते तुम्हाला विचारतील. कॉलेजच्या फलकावर तिचं नाव मोठ्या अक्षरात लावा, खाली तुमचंही. लाजू नका, ते काम तुम्ही केलं आहे.

आणि दिवाळीला ती गावी येईल तेव्हा तिला मैदानावर बोलवा. यंदाच्या अकरावीच्या मुली खांबाशी उभ्या करा आणि तिला म्हणा, कसं वळायचं ते यांना दाखव. तुम्ही थोडं लांब उभं राहून बघा, ती त्यांना कुठल्या शब्दांत सांगते ते.